कळलं, सगळं कळलं

माझी वहिनी यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका लिहिते. ज्याने यंत्र जन्मात पाहिलं नाही, त्यालाही ती वाचून ते चालवता आलं पाहिजे. छापण्याआधी ती पुस्तिका आणि यंत्र घरी आणून आईपुढे ठेवायची. आईपुढेच का, तर आईला वहिनी डोळ्यांसमोर नको असते. "माया असलेला माणूस चुका पोटात घालतो. आई घालणार नाहीत," असं ती मला म्हणाली होती.

तिचा नियम एकच. वाचणारा अडला तरी लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आईला आणखी काय हवं! सून समोर आणि तिच्या तोंडाला कुलूप. "कुठलं बटण? इथे तीन आहेत. एवढं शिकून हेच?" आई यथेच्छ तोंडसुख घ्यायची आणि वहिनी मान खाली घालून टिपत राहायची.

मग दादाने घोळ केला. जेवताना म्हणाला, "आई, हिला बढती मिळाली ती तुझ्या जिभेमुळे." आईचा घास हातातच राहिला.

पुढची पुस्तिका प्राणवायूच्या यंत्राची होती. आईने यंत्राशी बरीच खटपट केली, पानं उलटली आणि गोड आवाजात म्हणाली, "कळलं. सगळं कळलं." वहिनी खुलली. पुस्तिका छापून गेली.

पुढे बाबांची फुप्फुसं थकली आणि तेच यंत्र त्यांच्या उशाशी आलं. पहिल्याच दिवशी ते लावायला मी बसले. पुस्तिकेत होतं तसं, हवा ज्यातून जाते त्या बाटलीत पाणी भरलं, झाकण लावलं, नळी जोडली. यंत्र घरघरत होतं, हिरवा दिवा लागला होता, आणि बाबांचे ओठ निळे पडत होते. नळी गालाशी धरली तर फुंकरसुद्धा नाही. मी वहिनीच्या नावाने ओरडले. ती धावत आली, बटणं दाबू लागली, स्वतःचीच पानं चाळू लागली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ओल्या केसांनी आई न्हाणीतून आली. आम्हा दोघींना ढकलून तिने बाटलीचं झाकण काढलं, सरळ बसवलं आणि घट्ट पिळलं. नळी फुसफुसली. "तिरकं बसलं की सगळी हवा तिथूनच जाते," ती म्हणाली.

बाबांचे ओठ हळूहळू पूर्ववत झाले. तेव्हा वहिनीने विचारलं, "आई, तुम्हाला हे कधी कळलं?"

आई पदराने हात पुसत राहिली.

"ही पुस्तिका कितीतरी घरांत गेलीय," वहिनी म्हणाली आणि फोन करायला बाहेर गेली. नवं पान छापून घरोघर पोचेपर्यंत ती धड जेवली नाही.

आता पुस्तिका मी वाचते. अडले की वहिनीला शिव्या घालते, ती टिपून घेते. आई दाराशी येऊन उभी राहते. "दाखव इकडे. तिला काय कळतंय त्यातलं?" वहिनीला म्हणते. कधी नुसतंच, "चष्मा आणू का माझा?"

वहिनी मान वर करत नाही. आईपुढे तोंड उघडायचं नाही, हा नियम तिने तेवढा ठेवलाय.