तहसील कचेरीपुढचा डाव

स्वाइन फ्लूच्या साली आम्ही दौंडच्या मैदानावर पोचलो, तर फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी कागद चिकटवलेला: साथीमुळे सर्व स्पर्धा पुढील आदेशापर्यंत बंद. मी तो मोठ्यानं वाचला. बाकीच्या पोरींची नुसती स्पर्धा बुडत होती, माझं मात्र लग्न ठरत होतं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि यवतजवळच्या आमच्या गावाकडून कबड्डी खेळायचे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच सवलत दिली होती. "ह्या स्पर्धेतनं जिल्ह्याला निवड झाली तर खेळ आणखी. न्हाई झाली तर रविवारी पाव्हणं बघायला येत्यात." ते कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करायचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, असं मी धरूनच चालले होते.

तेवढ्यात शिरूरच्या पोरींचा टेम्पो आला. त्यांनाही कुणी कळवलं नव्हतं. एरवी आम्ही एकमेकींकडं खाऊ की गिळू अशा बघायचो. त्या दिवशी त्यांच्या कॅप्टननं कागद वाचला आणि ती तडकली, "येताना यष्टीत माणसं कोंबून भरल्याली बघितली. तिथं साथ न्हाई व्हय? चला गं तहसीलला!"

निघालो की! सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, रुमालात कापूर-वेलचीची पुडी. त्या महिन्यात घरोघरी तेच औषध होतं. "बाजार चालू, दारू चालू, पोरींचा खेळच बंद का?" अशी घोषणा द्यायला लागलो की कापूर घशात जायचा आणि अर्धी घोषणा खोकल्यात जायची. आमचा खोकला ऐकून लोक भराभरा बाजूला व्हायचे, त्यामुळे मोर्चाला रस्ता झकास मोकळा मिळाला. रोग काही खोटा नव्हता, पुण्यात माणसं जात होती. पण मला राग आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडायला मिळालं म्हणून अंगात नुसतं वारं भरलं होतं.

नायब तहसीलदार पायरीवर आले. माणूस सभ्य होता. म्हणाले, "मुलींनो, कबड्डीत एकमेकींच्या अंगावर पडता. श्वास थेट तोंडावर येतो."

"मग रुमाल बांधून खेळतो. बघा तरी!" शिरूरची कॅप्टन म्हणाली.

आमचे सर नोकरीच्या भीतीनं सगळा मोर्चाभर रस्त्याच्या पलीकडून, आमची ओळख नसल्यासारखे चालत होते. पण "बघा तरी" ऐकल्यावर त्यांना राहवेना. मोर्चामागून आलेल्या टेम्पोतलं फक्कीचं पोतं उचलून त्यांनी कचेरीच्या आवारात पांढऱ्या रेषा मारल्यासुद्धा, आणि शिट्टी तोंडात धरून स्वतःच पंच झाले. साहेब अजून विचारच करत होते.

मग काय विचारता! सातबाऱ्याला आलेले, स्टॅम्पवाले, वकील, चहावाला, सगळे गोल करून उभे राहिले. ज्या गर्दीला बंदी होती ती आम्हीच गोळा केली. आणि दोन चढायांतच आम्ही मोर्चा साफ विसरलो. शिरूरच्या पोरी आता मोर्चातल्या बहिणी राहिल्या नव्हत्या. माझं ढोपर त्यांनी चांगलंच फोडलं. गुण बरोबरीत आले. मी चढाईला गेले, दोघींना शिवले, परतताना एकीनं घोटा धरला. मी तशीच झेपावून मधल्या रेषेला बोट लावलं.

"दम तुटला! बाद!" सर ओरडले. रुमालातून माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"कुणाचा दम तुटला? म्या हितवर ऐकलाय!"

गर्दीतून आबा पुढं आले. अंगात कंपनीचा शर्ट होता. स्पर्धा बंद झाल्याचं कळल्यावर शिफ्ट सुटताच मला घरी न्यायला आले होते. रेषेबाहेर चपला काढून ते आत शिरले आणि सरांशी भांडायला लागले. मी आ वासून बघत राहिले.

तेवढ्यात पोलीस आले. काठ्या आपटत म्हणाले, "पांगा, पांगा!" पोरी मागं सरकल्या. आबा मधल्या रेषेवर तसेच उभे.

"साहेब, डाव अर्धा हाय. आमच्या गावात अर्ध्या डावातनं कोण उठत न्हाई. उठला त्यो हारला."

"दोन्ही संघ उठताहेत ना? मग कुणीच हरलं नाही," नायब तहसीलदार म्हणाले. "पण आदेश म्हणजे आदेश. घरी जा."

परवानगी काही मिळाली नाही. आम्ही यष्टीनं निघालो. वरवंडच्या आसपास आबांनी विचारलं, "त्यो बोनसचा गुण कसा धरत्यात?" मी सांगितलं. पण निवड झाली नव्हती, आणि रविवार परवावर आला होता.

रात्री घरी आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. पाहुणेच होते. रविवारी किती वाजता यायचं, असं विचारत होते.

"रविवारी नगा येऊ," आबा म्हणाले. "पोरीचा डाव अर्धा राहिलाय. पुरा झाल्यावर बघू."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"कवा पुरा व्हायचा? त्ये सरकारला इचारा," आबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मी हातातल्या घासासकट ओरडले.