मिठाचा सूड

मखमलाबादच्या कुसाबाईंचं वैर भावकीशी नव्हतं, शेजाऱ्यांशीही नव्हतं. ते होतं मिठाशी, आणि त्याला कारणही तसंच होतं. चौऱ्याण्णव साली त्यांचा नवरा देवराम झेंडूच्या वावरात उभ्याउभ्या कोसळला. चाळिशीही गाठली नव्हती गड्यानं.

"बीपीनं मेंदूतली नस फुटली," डॉक्टर म्हणाले. "घराण्यात असेल तर पोरांना आत्तापासूनच जपा. मीठ कमी द्या, भरपूर खेळू द्या."

देवरामला ताटात डावीकडे मिठाचा ढीग लागायचा. झालं, कुसाबाईंना खुनी सापडला.

तेरावं उरकलं आणि त्यांनी दोन्ही पोरांच्या, सोमनाथ-तेजस्विनीच्या, ताटातलं मीठ बंद केलं. पापड गेले, वेफर्सची पाकिटं गेली. पोरं शाळेतून आली, की टीव्हीसमोरून उठवून त्यांना मळ्यात पळायला पिटाळायच्या.

सासूबाई, नवसाबाई, कडाडल्या, "सुतक फिटलं, तरी पोरांना आळणीच घालती व्हय गं?"

"हे सुतक मिठाचं हाय, आत्याबाई. मी हाय तवर फिटायचं नाय."

सासूबाईही हटून दर उन्हाळ्यात बरण्या भरभरून लोणचं घालायच्या. ते फेकायचं म्हणजे पंचाईत. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागतं, हे आईनं कुसाबाईंच्या मनात लहानपणीच पक्कं बसवलेलं. मग करायचं काय? पोरांच्या वाटचं त्या स्वतः खायच्या. फोड कराकरा चावताना म्हणायच्या, "खाऊनच संपवते मेल्याला!" डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं ते पोरांना. स्वतःचा विचार या बाईच्या डोक्यात आला असेल, तर शपथ!

अशी बारा वर्षं गेली. नर्सिंग शिकणारी तेजस्विनी एका रविवारी बीपीचं मशीन घेऊन घरी आली. सोमनाथचं बीपी उत्तम निघालं, तिचंही उत्तम. कुसाबाईंचा ऊर भरून आला.

"जिरवली का नाय मेल्याची!" म्हणत त्यांनी हौसेनं स्वतःचा दंड पुढे केला.

तेजस्विनीनं पंप दाबला. परत दाबला. दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पाहिलं. मग एकाएकी उठून तिनं फळीवरची लोणच्याची बरणी उचलली आणि ती मोरीकडे निघाली.

"अगं, काय करती? सांडू नको! मेल्यावर पापण्यांनी उचलावं लागंल मला!"

"मी उचलीन तुझ्या वाटचं. तू आधी मरू नको," तेजस्विनी रडत म्हणाली आणि तिनं बरणी पालथी केली.