बादलीतल्या वड्या

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची जागा निघाली होती. नांदेडचे आमचे सर जिचं नाव सुचवतील तिलाच ती मिळणार, हे उघड होतं. सरांच्या हाताखाली आम्ही दोघीच. माझं घर लातुरात, ती उदगीरच्या व्यापाऱ्याची मुलगी. जागा माझीच, असं मी धरून चालले होते.

काम असं: चायना ग्रास पाण्यात शिजवून खरवसासारखी वडी करायची. माणसाच्या मांसाला ती बरीच जवळची. तिच्या एका बाजूनं कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि पलीकडे पोचायला त्याला किती वेळ लागतो ते यंत्राच्या पडद्यावर बघायचं. जाडीला वेळेनं भागलं की वेग.

तिचा वेग रोज तोच यायचा, माझा नुसता उधळायचा. "तुमच्या वडीत दगड घातलाय का?" सर म्हणाले. ती गालातल्या गालात हसली, ते मी पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला सरांनी आवाज सोडणारा चांगला स्फटिक दिलाय, अशी माझी खात्रीच होती. मी बदलून मागितला. तिनं काढून दिला. तरी तिचं तेच, माझं तेच.

एका संध्याकाळी हॉस्टेलवर तिच्या खोलीत गेले. कोपऱ्यात बादली, बादलीत तिच्या वड्या. दुष्काळामुळे अंघोळीला प्रत्येकीला टँकरचं एक बादली पाणी मिळायचं. ती ते वड्यांना द्यायची आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विभागात जाडी मोजायचं व्हर्नियर एकच, म्हणून मी जाडी सकाळीच मोजून ठेवायची. वीज यायची दुपारी. तोवर त्या कोरड्या हवेत माझी वडी आकसलेली असायची आणि मी भागत बसायची सकाळच्या जाडीला.

"तुझ्या बी टाक की हितं. जागा हाय," ती म्हणाली.

इतकं सहज म्हणाली, त्याचाच राग आला. हिच्या उपकारावर मी लातूरला जायचं? "नको," म्हणाले आणि खोलीवर येऊन माझी अख्खी बादली डोक्यावर ओतून घेतली. उद्यापासून माझ्या पाण्यात माझ्या वड्या, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सरांनी तिचं नाव कळवून टाकलं.

पुढच्या महिन्यात घरी गेले तर आमच्या माडीवरच्या खोलीत ती भाड्यानं राहत होती. आईनंच ठेवून घेतलेली. "लई गुणाची पोर हाय," आई म्हणाली.

सकाळी न्हाणीत गेले. आईनं माझ्यासाठी अर्धी बादली ठेवली होती.

"एवढ्यात भागव," आई बाहेरून म्हणाली. "भरलेली मॅडमला ठिवलीय. तिला कॉलेजला जायाचंय."