सुभेदारांची रांग

रिटायर सुभेदार धोंडिराम फाळके गावातल्या माजी सैनिकांचे कागद कॉम्प्युटरवर जपतात. प्रत्येकाचं एक फोल्डर, भरतीच्या सालाप्रमाणे ओळीनं उभं. सुभेदार नाव वाचत नाहीत, जागेवरनंच ओळखतात.

अंबूबाईंना नवऱ्याचा डिस्चार्जचा कागद आजच साताऱ्याला ऑफिसात द्यायचा होता. सुभेदारांनी तिसऱ्या ओळीतलं चौथं फोल्डर उघडलं आणि त्यातला कागद छापून हातात दिला. अंबूबाईंनी कागदावरचा फोटो बघितला.

"आवं सुभेदार, ह्या मिशीवाल्यासंगं मी एक दीस काढला न्हाई."

सुभेदार लाल झाले. "स्वप्ना! माझी पलटण कुणी हलवली?"

सून पदराला हात पुसत आली. "मामंजी, फायली हायत तितंच हायत. शेवटी उघडलेलं वर दिसावं म्हणून मी मांडणी बदलली. नाव टाका, घावंल."

"काल भरती झालेलं पोरगं एकाहत्तरवाल्याच्या पुढं? कुणाच्या हुकमानं? जवान हुडकायचा नसतो, त्यो जाग्यावर असतो!"

स्वप्नानं मांडणीत भरतीचं साल निवडलं. रांग सरळ झाली, कागद निघाला. अंबूबाईंनी फोटोवर बोट ठेवलं.

"ह्यो माझा. एस्टी जाईल, आता वरडू नगा."

"वरडणार," सुभेदार म्हणाले आणि स्वप्नाकडं वळले.