मिलानला उतरू नका

माकणीच्या कमलबाई मिलानला लेकाकडं राहून आल्या, तेव्हापासून कुणी त्या शहराचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. "लई रटाळ गाव. जो तो कामाला पळतोय. पांढरं मोठं चर्च बघितलं की संपलं."

आज धाकटी जाऊ राजेश्वरी नवऱ्यासोबत युरोपच्या सहलीला निघाल्याचं सांगायला आली. सहलीत मिलान होतं. कमलबाई हातातलं काम टाकून पुढं सरकल्या.

"तिथं उतरूच नका. नुसतं धुकं. दुकानं काचंतून बघायची. त्यापरीस आपल्या धरणावर करमतं."

त्यांनी तरी मिलान कुठं पाहिलं होतं? कंपनीत साहेब म्हणून ज्याचं गावभर कौतुक, तो त्यांचा लेक रणधीर तिथं पाठीवर डबा बांधून सायकलवरून लोकांची जेवणं पोचवत होता. त्याच्या एवढ्याशा खोलीत भिजलेले मोजे वाळवण्यातच त्यांचा महिना गेला. निघताना तो हात धरून म्हणाला होता, "आई, गावात कळू देऊ नको."

"माणूस येडं हुईल असं सुनं गाव हाय ते," कमलबाई काकुळतीला आल्या.

राजेश्वरीचे डोळे भरले.

"अक्का, असल्या गावात आपलं लेकरू एकटं हाय, आन् आमी त्याच्या घरचं पाणी न पिता यावं? सहल जाऊ द्या पुढं. आमी चार दिवस त्याच्यापाशीच राहतो. धपाटे किती करू, तेवढं सांगा."