बनुबाईंचा पंधरा डिसेंबर

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी बनुबाईंवर चार ओळी लिहून द्या, असं त्यांच्या सूनबाई संयोगिता यांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मला लिहायची सवय नाही. नोकरीभर लिहिलं ते हजेरीपुस्तक आणि दाखले. शिवाय खरं सांगायचं तर बनुबाईंना मी ओळखतच नव्हतो. सात वर्षं त्यांच्या हातचं जेवलो, पण तुमचं माहेर कुठलं एवढंही त्यांना कधी विचारलं नाही. तेव्हा खाली काही चुकलं असेल तर तो माझा दोष समजावा.

माझी पत्नी २०१५ साली गेली. मुलगा पुष्कर बंगळूरला असतो. मी साताऱ्यात, गोडोलीत एकटा राहतो. मला भातापलीकडे काही येत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी डब्याची सोय करून दिली. गल्लीच्या टोकाला बनुबाई राहत. त्यांचे यजमान नाथाजी फौजेतून हवालदार होऊन आले आणि पुढे वारले. मुलगा विश्वजीतही फौजेत. घरी सून आणि ओवी नावाची नात. बनुबाई आठदहा जणांना डबे देत आणि ते स्वतः पोहोचवत. सकाळी साडेअकराला माझ्या फाटकाची कडी वाजायची.

"गुरुजी, डबा."

"ठेवा."

"कालचा द्या. आवं, परत झाकण लावून ठिवलंय. वास धरतोय त्याला. घासला की झाकण उघडं टाकायचं, किती येळा सांगू?"

आमचं बोलणं सात वर्षं साधारण एवढंच. त्या मला गुरुजी म्हणत, पण निवृत्त मास्तरला सगळेच गुरुजी म्हणतात, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये एक दिवस त्यांनी डबा ठेवला आणि गेल्याच नाहीत. ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमी पाटणच्या बाजूला शाळंवर हुता न्हवं? त्र्याहत्तर साली?"

मी हो म्हणालो. ती माझी पहिली नोकरी.

"मग माझी जल्मतारीख तुमीच लिवलीया. बनुबाई ज्योतिबा. पयली."

मला काही आठवेना. मी त्यांच्याकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. तरीही आठवेना. त्यांना त्याचं वाईट वाटलं नसावं. उलट त्या हसल्या.

"मला तुमी पयल्या दिवशीच वळखू आला. म्हटलं, तुमाला कवा वळख पटती बघू. सात वर्सं झाली."

"सांगायचं नाही का?"

"सांगून काय, जास्त भाजी खाल्ली असती?"

मग त्यांनी कामाचं सांगितलं. पन्नासावा वाढदिवस कुणाच्या लक्षातही आला नव्हता, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा. आता पंचावन्नावा लागणार होता आणि तो त्यांना एकटीनं करायचा होता, अंदमानला. सून बरोबर आली तर सून फोटो काढत बसेल, मुलगा आला तर पाण्यात उतरू देणार नाही. त्यांना समुद्रात पोहायचं होतं.

"पोहायचं?" मी विचारलं.

"तुमाला म्हाईत हाय की मला पवता येतंय. मधल्या सुट्टीत नदीवर गेली म्हणून तुमीच मला कोपऱ्यात हुभी केलीती. वल्ल्या केसानं."

हेही मला आठवत नव्हतं. पण मी तसं केलं असणार. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मुलगी बुडाली तर काय, या भीतीनं अशा बऱ्याच शिक्षा दिल्या.

वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना कोयनेत सोडलं होतं. आठवं वर्ष लागायच्या आत भोपळा सुटला. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या कोरेगावकडच्या गावात आल्या. नदी तिथंही होती, पण सुनेनं नदीवर धुणं न्यायचं, पोहायचं नाही. पुढं फौजेच्या क्वार्टरमध्ये, मग साताऱ्यात. "अडतीस वर्सं झाली गुरुजी, डोक्यावरनं पाणी घेतलंय त्ये तांब्यानंच," त्या म्हणाल्या. लांबचं बेट अशासाठी की तिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही. बाई पोहायला लागली, असं कुणी म्हणणार नाही.

अडचण तारखेची होती. कागदावर त्यांचा जन्म १ जूनचा. पोवई नाक्यावरच्या प्रवासवाल्यानं सांगितलं, जूनमध्ये तिकडं पावसाळा, समुद्र खवळलेला, पाण्यात उतरू देत नाहीत. दुसऱ्या कुठल्या दिवशी जा. पण दुसऱ्या कुठल्या दिवशी गेलं तर तो वाढदिवस कसला, असं बनुबाईंचं म्हणणं.

आता मला सांगणं भाग होतं. त्या काळी खेड्यातल्या पोरांच्या जन्मतारखा कुणाला ठाऊक नसत. जूनला शाळा सुरू व्हायची आणि पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची, म्हणून आम्ही मास्तर सरसकट १ जून लिहायचो. माझ्या वर्गातली निम्मीअधिक पोरं एकाच दिवशी जन्मलेली होती. इन्स्पेक्टरही काही म्हणत नसत, त्यांची स्वतःची तारीख तीच असायची.

"बनूताई, ती तारीख खरी नाही," मी म्हणालो. "मी मनानं लिहिली."

मला वाटलं आता उठून जातील. पण त्यांनी विचारलं, "मग मी कवाची?"

"घरात काही सांगत असतील."

"आई म्हणायची, भूकंपाच्या पाचव्या दिवशी. घरं पडल्याली, समदं गाव भाईर पाल ठोकून झोपायचं, तितं झाली मी. शुकरवारची, म्हणायची."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, हे त्या भागात नोकरी केलेला कोणीही सांगेल. वार सोमवार, पहाटेची वेळ. मी पाटीपेन्सिल नव्हे, पण कॅलेंडरच्या पाठीवर पेन घेऊन मांडलं. सोमवार पहिला, तर पाचवा शुक्रवार. पंधरा डिसेंबर. आईचा वार आणि दिवस दोन्ही जुळले. एवढं गणित पंचावन्न वर्षांत कुणी केलं नव्हतं आणि त्यात अवघड काहीच नव्हतं.

"डिसेंबरात समुद्र कसा आसतो?" त्यांनी विचारलं.

"शांत असावा. भूगोलात तसंच शिकवायचो."

त्या उठल्या. फाटकाशी जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "लिवून द्या."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं: बनुबाई ज्योतिबा, जन्म शुक्रवार, १५ डिसेंबर १९६७. शाळेच्या दप्तरात माझ्या हातून चुकीची तारीख पडली आहे. खाली सही केली. शिक्का नव्हता. त्या कागदाला कायद्यानं काही किंमत नाही हेही सांगितलं. "मला कुठं कोर्टात जायचंय," असं म्हणून त्यांनी तो घडी करून बटव्यात ठेवला. जाताना म्हणाल्या, "आता बनूताई नगं. वर्गातल्या पोरीगत आगं म्हणा."

घरी काय झालं ते मला संयोगिताताईंकडून कळलं. विश्वजीतनं सीमेवरून फोन केला. "आई, यकटी कशाला? मी सुट्टीवर येतो, आपण समदे बालाजीला जाऊ."

"बालाजीला पवू देत्यात व्हय रं?"

"तुला पवता कुठं येतंय?"

यावर आईनं फोन सुनेच्या हातात दिला. तिकिटं सुनेनंच काढली. सासूनं तिला एवढंच बजावलं की गावात सांगायचं नाही, विचारलंच तर माहेरी गेल्यात म्हणायचं. माझा डबा त्या आठ दिवसांसाठी त्यांनी दुसरीकडे लावून दिला आणि त्या बाईलाही झाकणाचं सांगून ठेवलं.

पुण्यापर्यंत एसटी, तिथून विमान, मद्रासला बदलून पोर्ट ब्लेअर, मग बोटीनं हॅवलॉक बेट. हे सगळं त्यांनी एकटीनं केलं. हिंदी क्वार्टरमध्ये पक्की झालेली होती. बेटावरच्या लॉजवाल्यानं आधार बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझा उद्या वाढदिवस आहे. तो म्हणाला, यावर जून आहे. तेव्हा त्यांनी बटव्यातून माझा कागद काढला. "हमारे गुरुजीने दुरुस्त किया है." त्या माणसाला मराठी वाचता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं एक पेस्ट्री आणि मेणबत्ती आणून दिली, त्या अर्थी त्यानं माझी सही मान्य केली असावी.

पंधरा तारखेला सकाळी त्या सुनेचा पंजाबी ड्रेस घालून समुद्रावर गेल्या. आणि तिथं काय दिसावं? तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांची अख्खी सहल. बायका साड्या वर खोचून, एकमेकींचे हात धरून, गुडघाभर पाण्यात ओळीनं उभ्या. लाट आली की "धर गं, धर गं" चाललेलं.

बनुबाई मला म्हणाल्या, "मी तर हिंदीच बोलणार हुते. पर त्यातली एक चारुशीला म्हणून, ती म्हणाली, तुमी आमच्यातल्याच दिसता. कुठल्या?"

"पाटणची."

"यकट्याच? घरचं कोण न्हाई?"

"हाय की. घरी हाय."

त्यावर त्या बायका हसल्या. बनुबाई मात्र पाच मिनिटं नुसत्याच उभ्या राहिल्या. ज्या लोकांपासून लांब यायला एवढा प्रवास केला तेच लोक समोर उभे. परत लॉजवर जावं, दुपारी यावं, असं मनात आलं. मग त्यांना वाटलं, दुपारी आणखी कोणी भेटेल. इस्लामपूरचं. आणि दिवस तर आजचाच होता. उशिरा सापडलेला.

बनुबाई त्या बायकांच्या हाताखालून वाकून पलीकडे गेल्या आणि पोहायला लागल्या.

हे मी लिहू शकतो कारण मी ते बघितलं आहे. चारुशीलाबाईंनी मोबाईलवर ते घेतलं, गंमत म्हणून सांगलीला पाठवलं, सांगलीहून कराडला, तिथून पाटणला, आणि रात्री जेवणाआधी ते बनुबाईंच्या माहेरी पोहोचलं. बनुबाई माहेरी आल्यात असं ऐकून भेटायला आलेल्या एका शेजाऱ्याला त्यांचे भाऊ बिचारे, नाही आली, असं सांगत होते तेवढ्यात. पुढं ते फौजेतल्या कुणाच्या तरी फोनवर गेलं. विश्वजीतला त्याच्याच तुकडीतल्या सोबत्यानं दाखवलं, बघ रं, तुमच्याकडची कोण बाई हाय.

दोन मिनिटांचं चित्र आहे. आधी सगळं हिरवंनिळं पाणी आणि बायकांचा गलका. लाल जॅकेटचा एक माणूस शिट्टी वाजवत पुढं येतो आणि थांबतो. एक हात वर येतो, मग दुसरा. घाई नाही. मान डावीकडे वळते, श्वास घेतला की पुन्हा पाण्यात जाते. बायका हात सोडून बघायला लागतात. कुणीतरी म्हणतं, "आगं बया, ही पाटणची हाय का मासोळी." मग पुष्कळ आत गेल्यावर त्या उताण्या होतात आणि हात पसरून नुसत्या पडून राहतात. तिथं चित्र संपतं.

मी ते किती वेळा बघितलं सांगत नाही. मला पोहता येत नाही. ती माझ्या वर्गातली मुलगी आहे, एवढंच मी प्रत्येक वेळी मनाशी म्हणतो.

त्या रात्री विश्वजीतचा फोन लागला. रागावेल अशी त्यांनी तयारी ठेवली होती. पण तो म्हणाला, "आई, हे मला म्हाईतच नव्हतं." आणि म्हणाला की त्यानं तुकडीतल्या सगळ्यांना सांगितलंय, ती माझी आई हाय.

परतल्यावर पहिल्या डब्याबरोबर त्यांनी मला हात रिकामे दाखवले. "शिंपला आणणार हुते. उचलू देत न्हाईत तितं. पाणी लय खारट गुरुजी, पर तळ दिसतोय. आपल्या नदीत कवा दिसला न्हाई." पुढच्या उन्हाळ्यात त्या ओवीला पाटणला घेऊन गेल्या आणि तिच्या पाठीला भोपळा बांधला. भर दिवसा, गावासमोर. कुणी काही म्हणालं नाही. दोन बायकांनी आपल्याही पोरी आणल्या.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये झोपेतच त्या गेल्या. त्रास काही झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. संयोगिताताईंनी तो कागद मला परत आणून दाखवला, घड्यांवर फाटलेला. मी तो त्यांच्याकडेच राहू दिला. शाळेनं आता दप्तरात काही करता आलं तर बघावं.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी साडेअकराला कडी वाजली होती.

"गुरुजी, डबा. उद्या काय देऊ?"

"काहीही चालेल."

"काहीबी म्हंजे? नीट सांगा."

"मग भेंडी कर."

"भेंडी जून येतीया. दोडका देते."

"बरं, दोडका."

"आन् झाकण?"

"उघडं ठेवतो."