सीतादहीचा फोटो

आफ्रिकेतल्या एका स्वतंत्र बातम्यांच्या वेबसाइटसाठी मी यवतमाळहून अधूनमधून लिहितो. कापूस तिकडेही पिकतो, म्हणून त्यांना आमच्याकडच्या वेचणीवर लेख हवा होता. राळेगावजवळच्या एका शेतात मला एक वेचणारी बाई दिसली. कमरेला झोळी बांधलेली, आणि मान कपाशीच्या बुडाशी पार खाली गेलेली. मी लगेच फोटो काढला. व्यथा छान आली होती.

फोटो आफ्रिकेत छापायचाय म्हटल्यावर दह्याचा हात पदराला पुसून तिनं माझा मोबाइल मागितला आणि लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला.

"भाऊ, याच्यात तं मी रडून राह्यली असं वाटते. मी सीतादही मांडून राह्यलती."

पहिल्या वेच्याआधी कपाशीला दहीभात ठेवतात, तो वाकल्याशिवाय कसा ठेवणार?

मग कमरेवर हात ठेवून ती ताठ उभी राहिली. "आता काढा. तिकडच्या बायांले मी कशी आहो ते दिसलं पाह्यजे."

मी दोन्ही फोटो पाठवले, तिचं बोलणंही कळवलं. तिकडच्या संपादकबाईंचं उत्तर तासाभरात आलं : "पहिल्यासारखे आमचे फोटो बाहेरचे लोक रोज काढतात. दुसरा छापतोय."